ट्री, फोवर, फाइफ

“स्टारबोर्ड, स्टीअर झीरो एट टू,” कॅप्टन म्हणाले. म्हणजे चाक उजवीकडे फिरवून जहाज ८२ अंशांच्या दिशेला आण.

“येस सर,” मुलगा म्हणाला.

पुढे काहीच घडलं नाही. सिम्युलेटरच्या पडद्यावरचा समुद्र होता तसा हलत राहिला, जहाज नाकासमोर चालत राहिलं आणि मुलगा चाक दोन्ही हातांनी घट्ट धरून कॅप्टनांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. चेहऱ्यावर नुसता आदर. कॅप्टनांनी हुकूम पुन्हा दिला. “येस सर.” तिसऱ्यांदा दिला. आता मात्र मुलाने चाक फिरवलं. डावीकडे.

“अरे, येस म्हणजे काय?”

“येस म्हणजे… येस, सर.”

वर्ग हसला. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते, मला हसू आलं नाही. हा ‘येस’ मीच त्याला शिकवला होता. रोज तासाच्या शेवटी मी विचारायची, “समजलं ना?” आणि ४० पोरं एका सुरात म्हणायची, “येस मॅडम.” त्यातल्या कितीजणांना खरंच समजलंय याचा अंदाज मला नव्हता असं नाही. पण तोवर घंटा झालेली असायची.

मी इंग्रजीची मास्तरीण. १२ वर्षं ज्युनिअर कॉलेजात कविता आणि निबंध शिकवून मग या खलाशी प्रशिक्षण संस्थेत आले. इथे जीपी रेटिंगचा, म्हणजे जहाजावर पडेल ते काम करणाऱ्या खलाशाचा, सहा महिन्यांचा कोर्स चालतो. दहावी पास, इंग्रजीत किमान ४० टक्के, नजर चांगली आणि घरात कुणीतरी ‘बोटीवर’ असलेलं. शेवटची अट कागदावर नाही. पण दापोली, गुहागर, मुरूड, देवगडकडून येणाऱ्या मुलांच्या घरात काका, मामा, आजा यांतला एकजण तरी बोटीवर जाऊन आलेला असतोच. कोकणात माणूस ‘मर्चंट नेव्हीत’ नसतो, ‘बोटीवर’ असतो. मग ती बोट ३०० मीटर लांबीचं कंटेनरचं जहाज का असेना.

पहिलं वर्षभर मी त्यांना काळ शिकवले, प्रयोग शिकवले, ‘अ’ आणि ‘द’चे घोळ निस्तरले. शिवाय संस्थेत एक भाषा-प्रयोगशाळा होती. वीस खोपटी, वीस हेडफोन आणि संगणकात एक गोड आवाजाची ब्रिटिश बाई. ती हॉटेलात खिडकीजवळचं टेबल मागायची, विमानतळावर हरवलेल्या बॅगेची तक्रार करायची. आमच्या पोरांना यातलं काहीच करायचं नव्हतं. लग्नात आलेला काचेचा डिनर सेट घरात असतो ना, तशी ती खोली होती. पाहुण्यांना दाखवायची, एरवी चादर घालून ठेवायची.

सिम्युलेटरच्या त्या प्रसंगानंतर कॅप्टनांनी मला एक निळं पुस्तक आणून दिलं. ते निवृत्त मास्टर मरीनर, बोलणं तोडून. “हे वाचा,” म्हणाले, “तुमच्या शेक्सपिअरपेक्षा छोटं आहे.”

सागरी दळणवळणाची प्रमाण वाक्यं. आयएमओ या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नोव्हेंबर २००१मध्ये मंजूर केलेली, जगभरच्या खलाश्यांसाठी ठरवून दिलेली वाक्यांची वही. त्याआधी १९७७चा एक शब्दसंग्रह होता, ही त्याची धाकटी भावंडं. मी ते रात्री जेवण झाल्यावर उघडलं आणि एक-दीड वाजेपर्यंत मिटलं नाही. भाषेच्या शिक्षकाला इतकं अस्वस्थ करणारं पुस्तक मी क्वचित वाचलं असेल.

कारण जे मी आयुष्यभर शिकवलं, ते इथे नको म्हणून सांगितलं होतं. ‘मे आय’ने सुरू होणारा सभ्य प्रश्न नको, कारण ‘मे’ म्हणजे परवानगी मागणं की शक्यता सांगणं हे ऐकणाऱ्याला कळेलच असं नाही. त्याऐवजी आधी सरळ ‘क्वेश्चन’ असा शब्द उच्चारायचा आणि मग विचारायचं, मला आत यायची परवानगी आहे का. असे आठ शब्द आहेत: प्रश्न, उत्तर, सूचना, सल्ला, इशारा, माहिती, इरादा, विनंती. आपण काय बोलतोय ते बोलण्याआधी सांगून टाकायचं. आपल्याकडे माणूस अर्धा तास बोलतो आणि उठताना कळतं की तो पैसे मागायला आला होता. त्याच्या बरोबर उलट.

आकडे एकेक अंक सुटा करून म्हणायचे. फिफ्टीन नाही, वन-फाइव्ह. कारण फिफ्टीन आणि फिफ्टी यांतला फरक वाऱ्यात उडून जातो. आणि उच्चार? तीनला ‘ट्री’. चारला ‘फोवर’. पाचला ‘फाइफ’, नवाला ‘नाइनर’, हजाराला ‘टाउजंड’. १२ वर्षं मी मुलांना ‘थ्री’साठी जीभ दातांत धरायला लावली होती. कितीजणांना त्या एका ‘थ’वरून ओशाळं केलं असेल. आणि लंडनहून आलेलं पुस्तक सांगत होतं की रेडिओच्या खरखरीत टिकत नाही तो, सोडा. ‘ट्री’ म्हणा.

मग ते वाक्य आलं, ज्यासाठी कॅप्टनांनी पुस्तक दिलं असावं. प्रश्नाचं उत्तर होकारार्थी असेल तर ‘येस’ म्हणा, आणि त्यापुढे ते सगळं वाक्य पूर्ण म्हणा. नुसता ‘येस’ चालणार नाही. सुकाणूवरच्या माणसाने तर प्रत्येक हुकूम जसाच्या तसा परत म्हणायचा असतो, आणि जहाज त्या दिशेला स्थिरावलं की तेही सांगायचं: स्टेडी ऑन झीरो एट टू.

नुसत्या ‘येस’ने काय होतं, त्याचा एक दाखला मी आता दर बॅचला सांगते. ७ नोव्हेंबर २००७, सॅन फ्रान्सिस्कोची खाडी, सकाळचं दाट धुकं. ‘कॉस्को बुसान’ नावाचं कंटेनरचं जहाज. कप्तान चिनी, बंदराबाहेर काढून देणारा पायलट अमेरिकन. पडद्यावरच्या नकाशात दोन लाल त्रिकोण दिसत होते. पायलटने कप्तानाला विचारलं, हा पुलाचा मधला भाग ना? कप्तान हो म्हणाला. ते त्रिकोण होते पुलाच्या खांबाजवळच्या बोयांचे. जहाज खांबाच्या कठड्याला घासलं, कूस फाटली आणि सुमारे २ लाख लिटर तेल खाडीत गेलं. चौकशीत कारणं पुष्कळ निघाली. पायलट घेत असलेली औषधं हे त्यातलं मोठं. सगळे अपघात भाषेने होतात असं म्हणणं म्हणजे इंग्रजीच्या मास्तरणीचा स्वार्थ झाला. पण तो ‘हो’ माझ्या डोक्यातून जात नाही. तो कप्तान खोटं बोलत नव्हता. समोर एक जाणता माणूस आहे, तो खात्रीने काही विचारतोय, आणि आपण नाही कसं म्हणायचं? हे मला चीनपेक्षा गुहागरच्या जास्त जवळचं वाटतं.

दुसरा दाखला मी सांगत नाही, कारण सांगताना आवाज नीट राहत नाही. एप्रिल १९९०, ऑस्लोहून डेन्मार्कला निघालेली ‘स्कॅन्डिनेव्हियन स्टार’ ही प्रवासी बोट. रात्री आग लागली, १५९ माणसं गेली. खलाशी वेगवेगळ्या देशांचे. त्यांना एकमेकांशीच धड बोलता येत नव्हतं, मग प्रवाशांशी काय बोलणार.

तर आता शिकवायचं कसं? मी आधी उत्साहात व्हीएचएफ रेडिओवरचं संभाषण घ्यायला लागले. चॅनल १६वर हाक, मग दुसऱ्या चॅनलवर जाणं, वगैरे. कॅप्टन एक दिवस दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, “मॅडम, रेटिंगला ब्रिजवरच्या रेडिओला हात कोण लावू देणार? तो पुढे नाहीतर मागे दोरांवर उभा असतो, हातात वॉकीटॉकी. त्याला ‘हीव्ह’ म्हणजे ओढ आणि ‘स्लॅक’ म्हणजे सैल सोड, एवढं कळू दे आधी.” खरं होतं. आम्ही भाषावाले मोठी मोठी संभाषणं शिकवायला धावतो आणि माणूस प्रत्यक्षात कुठे उभा राहणार आहे ते विचारत नाही.

मग मी उलटीकडून सुरुवात केली. पुस्तकातले दोर बांधण्याचे आणि सुकाणूचे हुकूम घेतले. जेमतेम दीडशे वाक्यं झाली. ही पोरं इंग्रजीत कच्ची होती, पण गाठी मारण्यात नव्हती. बोलाइन ही गाठ डोळे मिटून घालतील. मी त्यांना सांगितलं, हे इंग्रजी नाहीच, या गाठी आहेत. दीडशे गाठी. त्यानंतर वर्गातली भीती निम्म्याने गेली. ज्या विषयात ते पाचवीपासून मार खात आले होते तो विषय बाजूला झाला आणि त्यांच्या हातातलं काम समोर आलं.

तरी शब्दांनी त्रास दिला. ‘मेक फास्ट’ म्हटलं की पोरं घाई करायची. शाळेत ‘फास्ट’ म्हणजे जलद, फार तर उपास. इथे त्याचा अर्थ दोर पक्का बांध. ‘वॉच’ म्हणजे घड्याळ नाही, पहाऱ्याची पाळी. ‘लिस्ट’ म्हणजे यादी नाही, जहाजाचं एका कुशीवर कलणं. ‘पेंटर’ला तर सगळे हसले: छोट्या होडीच्या नाळेचा दोर! मी हे फळ्यावर अर्थ देऊन शिकवलं असतं तर दुसऱ्या दिवशी पुसलं गेलं असतं. तेव्हा मला अँटकाँक नावाचं सॉफ्टवेअर सापडलं. जपानच्या वासेदा विद्यापीठातल्या लॉरेन्स अँथनी यांनी केलेलं, फुकट, आणि आमच्या जुन्या संगणकांवरही चालणारं. ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी विभागाचे अहवाल सगळ्यांसाठी खुले आहेत. त्यातले बरेच उतरवून मी त्यात भरले. एक शब्द टाकायचा, की तो शब्द पडद्याच्या मधोमध एकाखाली एक रांगेने उभा राहतो, आणि डावी-उजवीकडे त्याचे शेजारी. एकच माणूस शंभर पंगतींना जेवायला बसलाय आणि दरवेळी शेजारी कोण आहे ते आपण बघतोय, असं.

पोरं दोघादोघांच्या जोड्यांनी ‘फास्ट’च्या मागे लागली. अर्ध्या तासाने एकजण उठून म्हणाला, “मॅडम, याच्या शेजारी सारखे दोर आणि टग येतात. हा पळत नाहीये, हा बांधलेला आहे.” असं शिकवण्याला बर्मिंगहॅमच्या टिम जॉन्स यांनी फार पूर्वी ‘डेटा-ड्रिव्हन लर्निंग’ असं नाव दिलं होतं: विद्यार्थ्याने आकडे आणि उदाहरणं स्वतः चाळून नियम काढायचा. मी ते बीएडच्या कुठल्याशा टिपणात वाचून विसरले होते. प्रत्यक्षात पाहिलं ते दहावीला इंग्रजीत ४२ मार्क मिळवलेल्या मुलाच्या तोंडून.

ऐकण्याचं मात्र वेगळं होतं. ब्रिटिश बाईचा आवाज स्वच्छ, स्टुडिओतला. डेकवर असं कोण बोलतं? वारा, इंजिन, विंच, आणि बोलणारा फिलिपिनो, युक्रेनियन नाहीतर आमचाच तमिळ बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाश्यांचा मुकादम. मग एका संध्याकाळी मी हर्णै बंदरात गेले. मासळीचा लिलाव चालू होता, मचवे लागत होते. मी फोनवर डिझेल इंजिनाची धडधड, आरडाओरडा, वारा असं सगळं पाऊण तास ध्वनिमुद्रित केलं. एका काकूंनी विचारलं, “रेडिओवाल्या काय गो तुम्ही?” घरी येऊन ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅप्टनांच्या आवाजातले हुकूम त्या गोंगाटात मिसळले. पहिल्या आठवड्यात गोंगाट कमी, मग वाढवत नेला. बोटीवर गेलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनीही आपापल्या उच्चारात हुकूम म्हणून पाठवले. त्यांची स्वतःची इंग्रजी आता कुठल्या कुठे गेलेली, अर्धी मनिलाची, अर्धी दाभोळची.

रात्री आठला मी व्हॉट्सॲपच्या गटात एक हुकूम पाठवते. प्रत्येकाने तो आवाजातच परत म्हणून पाठवायचा. दोन नियम. ‘येस’ म्हणायचं नाही. आणि ऐकू आलं नाही तर म्हणायचं: ‘से अगेन’.

दुसरा नियम सगळ्यात अवघड गेला. एकदा मी मुद्दाम एक मुद्रण असं केलं की त्यात गोंगाटाखाली काय म्हटलंय ते माझं मलाच ऐकू येईना. चाळीस उत्तरं आली. पोर्ट (म्हणजे डावीकडे) टेन, पोर्ट ट्वेंटी, मिडशिप्स, एकाने तर ‘ड्रॉप अँकर’. सगळी ठाम आवाजात. गुहागरच्या मुलाने ‘पोर्ट ट्वेंटी’ इतक्या खणखणीत म्हटलं होतं की मलाच क्षणभर खरं वाटलं. फक्त देवगडचा एक मुलगा, जो वर्गात महिन्यातून एकदा बोलायचा, त्याने पाठवलं, “से अगेन, प्लीज मॅडम.” ‘मॅडम’ पुस्तकात नाही, पण ते मी सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, ऐकू आलं नाही असं का नाही म्हणालात? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाला, “मॅडम, मोठ्या माणसाला परत बोलायला लावायचं म्हणजे…” वाक्य पूर्ण केलं नाही. आपल्या घरात ‘काय?’ असं दुसऱ्यांदा विचारलं तर ‘कान फुटले का?’ हे उत्तर मिळतं. त्या घरातून आलेला मुलगा सहा महिन्यांत कप्तानाला ‘से अगेन’ म्हणायला शिकणार, याला व्याकरण म्हणत नाहीत.

गेल्या वर्षी एक विक्रेता एआय शिक्षक घेऊन आला. फोनवर बोला, तो इंग्रजीत उत्तर देतो, चुका सुधारतो. मी स्वतः आठवडाभर त्याच्याशी बोलले. गप्पांना उत्तम. मग मी त्याला बंदराचा नियंत्रक केलं आणि मुद्दाम पुटपुटत, अर्धवट, चुकीचे आकडे सांगितले. त्याने सगळं समजून घेतलं. फिफ्टी म्हणायचं तिथे फिफ्टीन म्हटलं, तर संदर्भावरून ओळखून पुढे गेला. मी सांगितलं, अंदाज बांधू नकोस, संदिग्ध असेल तर ‘से अगेन’ म्हण. पाच-सहा वाक्यं त्याने ऐकलं आणि मग पुन्हा समजूतदार झाला. फोनवरचं बोलणं आपोआप टंकणारी सोय तर त्याहून गंमतशीर: ‘हार्ड अ स्टारबोर्ड’चं तिने कोकणी उच्चारात ‘हार्ट’पासून सुरू होणारं काहीतरी प्रेमळ केलं. तो निदान प्रामाणिक गोंधळ होता. समजूतदारपणाची मला जास्त भीती वाटते. आपलं काय म्हणणं आहे ते ओळखून घेणाऱ्या यंत्रासमोर सराव केलेला मुलगा पहाटे चारच्या पाळीला, झोप न झालेल्या परक्या माणसासमोर उभा राहील, तेव्हा तो माणूस काही ओळखून घेणार नाही.

मी विक्रेत्याला नाही म्हटलं आणि त्या पैशांत संस्थेकडून वॉकीटॉकीचे आठ संच मागून घेतले. मिळाले चार. एक मुलगा गच्चीवर, एक मैदानात, मध्ये तीन भिंती आणि पाऊस. पावसाळ्यात हा सराव सगळ्यात चांगला होतो.

पासिंग आउटला गुहागरच्या मुलाचा आजा आला होता. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, साठच्या दशकात इंग्रजांच्या बोटींवर खलाशी. पोरगा म्हणाला, “आजा, ह्या आमच्या इंग्लिशच्या मॅडम.” आज्याने मला न्याहाळलं आणि म्हणाला, “आमच्या टायमाला सायेबच आमची भाषा शिकायचा, बाय.”

मला वाटलं, म्हाताऱ्याची बढाई. पण घरी येऊन शोधलं तर थॉमस रोबकचा कोश सापडला: इंग्रजी आणि हिंदुस्तानी नौकानयनाचे शब्द, कलकत्ता, १८११. जुन्या पानांची छायाप्रत फोनवर उघडली. कंपनीच्या बोटींवर खलाशी आपले, अधिकारी गोरे. तेव्हा हुकूम देणाऱ्यानेच खलाश्यांची ‘लस्करी’ बोली शिकावी म्हणून हा कोश. १८८२मध्ये त्याची सुधारलेली आवृत्तीही निघाली. डाव्या बाजूला डावा, उजव्याला जमना, गुजराती जमणासारखं. पोर्तुगीज, अरबी, फारसी, मराठी, सगळं एका दोरात वळलेलं. सुकाणू हा आपला शब्दही अरबीतून असाच बोटीवरून उतरला आणि राजकारण्यांच्या भाषणात जाऊन बसला. कोणाची भाषा कोण शिकतं हे वाऱ्यासारखं आहे. आता तो पश्चिमेकडून वाहतोय इतकंच.

आजा त्या दिवशी बराच वेळ बसला होता. नातवाने विचारलं म्हणून त्याने जुने हुकूम म्हणून दाखवले. माल वर घ्यायचा असेल तर ‘हाफीज’, खाली सोडायचा तर ‘आरिया’. हाताची खूणही केली, अंगठा वर, अंगठा खाली. मी ते फोनवर मुद्रित करून ठेवलं. कशासाठी ते तेव्हा ठरवलं नव्हतं.

मुलाची बोट लागली ती नोकरीच्या दलालांचे, सीडीसीचे (खलाशाच्या नोंदपुस्तकाचे) आणि मेडिकलचे नेहमीचे हेलपाटे घालून, सात महिन्यांनी. त्यानंतर बरेच दिवस काही नाही. मग एका पहाटे व्हॉट्सॲपवर त्याचा आवाज आला, चौदा सेकंदांचा, मागे विंच किंवा क्रेन काहीतरी करकरत होतं.

“मॅडम, बोसन युक्रेनचा हाय. क्रेनवर ‘व्हिरा’ आणि ‘मायना’ असं काहीतरी ओरडतो. पुस्तकात बघितलं, नाही सापडत. काय हाय ते?”

मलाही माहीत नव्हतं. मी दिवसभर शोधलं. इटालियन खलाश्यांचे शब्द, भूमध्य समुद्रातून काळ्या समुद्रात गेलेले, आयएमओला न विचारता अजून जिवंत. संध्याकाळी मी उत्तर टाईप करायला घेतलं, मूळ, इतिहास वगैरे सगळं, तेवढ्यात त्याचा दुसरा आवाज आला.

“से अगेन म्हटलं त्याला. दोनदा. हसला, पण परत बोलला, हात वर-खाली करून दाखवला. मॅडम, व्हिरा म्हणजे हाफीज. मायना म्हणजे आरिया. आज्याला सांगा.”